उशीतले कागद

आमच्या घराला चार चाकं होती, हे नोकरी लागल्यावर मी कोणाला फारसं सांगितलं नाही. बाबा आणि माय बांगड्या विकायचे. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडया, म्हणजे एका दिवसाच्या जत्रा, भरायला लागतात, आज या गावी, उद्या त्या गावी. टेम्पोच्या मागच्या पत्र्याच्या डब्यात एका बाजूला बांगड्यांचे खोके, दुसऱ्या बाजूला गादी, स्टोव्ह, चार भांडी आणि आम्ही. पावसाळाभर गाडी आंधळगावला एका ओळखीच्याच्या परसात उभी असायची. शाळेतली पोरं मला चुडीवाला म्हणायची आणि माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं, खोटं कशाला बोलू.

मागच्या उन्हाळ्यात बाबा त्याच डब्यात गेले. आमच्याकडे मेलेल्या माणसाची गादी-उशी त्याच दिवशी घाटावर नेऊन सोडतात. पण मंडईत फिरणारी माणसं त्याआधी उशी उसवून पाहतात. फिरत्या घराला कुलूप ते कितीसं असणार? जपायचं ते सगळं डोक्याखाली. मायनं रडता रडता दारातून सांगितलं, "उशी उसवून पाह्यजो रे बापू." गादीला आजारपणाचा वास येत होता. मला ते सगळं एकदाचं डोळ्यांआड करायचं होतं. "पाहिली," मी म्हणालो. मी पाहिली नव्हती.

मायनं माझ्याकडे भंडाऱ्याला यावं असं मी म्हणत होतो. ती तयार झाली, पण एका अटीवर. गाडी मंडईतच फिरली पाहिजे, भंगारवाल्याला द्यायची नाही. करडीचं एक नवराबायकोचं जोडपं घ्यायला तयार होतं, तेही बांगड्यांचेच. फक्त बाईनं स्पष्ट सांगितलं, "दिवाळीच्या आंधी कागद पाह्यजे. नाव चढलं नाही तं आमी घेत नाही, मावशी." तिचं काही चुकत नव्हतं. भंगारवाला मात्र दोनदा येऊन टायर ठोकून गेला. त्याला कागद नको होते.

मायनं डबा रिकामा केला. पेट्या, पिशव्या, पिठाचा डबा, बांगड्यांच्या खोक्यांखालचा रद्दीपेपर. मीही तिच्याबरोबर शोधत होतो. कागद कुठे गेले हे मला पहिल्या अर्ध्या तासातच कळलं होतं, तरी दोन दिवस मी वाकून वाकून शोधत होतो. इतकं वाईट नाटक मी शाळेच्या गॅदरिंगलाही पाहिलेलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी माय खाली बसली. "उशीतच होते मले वाटते. तू त पाह्यली होती न?"

"हो."

"मंग माह्याच हातून कोठी गेले," ती म्हणाली. तिनं एवढ्या सरळपणे विश्वास ठेवला, की मला तिचाच राग आला.

आता कागदांची नक्कल काढायची तर ज्याच्या नावावर गाडी तोच माणूस लागणार. आणि गाडी बाबांच्या नावावर नव्हतीच. सानगडीच्या एका म्हाताऱ्याकडून त्यांनी ती स्टॅम्प पेपरवर घेतली होती. त्यानं सह्या करून दिलेले फॉर्म आरसी बुकासोबत ठेवले आणि नाव चढवायचं राहून गेलं. आमच्या भागात अशा कितीतरी गाड्या दुसऱ्याच्या नावावर सुखानं धावतात.

आम्ही मायलेक सानगडीला गेलो. म्हातारा जिवंत होता, हेच नशीब. पण तो भडकला. "तुया बापाले दहा खेपा म्हटलं, नाव चढवून घे. उद्या अ‍ॅक्सिडन्ट झाला असता तं माह्या दारात पोलीस उभे रायले असते!" मी मान खाली घालून ऐकलं. मायनं हात जोडले. तेव्हा तो जरा नरमला. "सही करतो. पण ज्याच्या हातून कागद गेले त्यानं तसं लिहून द्याचं. माह्या आंगावर नोको."

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात हवालदारानं कागद पुढे ओढून विचारलं, "कोणाच्या हातून हरवले?"

मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण माय आधी बोलली, "माह्या हातून, साहेब." हवालदारानं लिहायला घेतलं. मला म्हणता आलं असतं, थांबा, तसं नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. मायनं अंगठा दिला. शाईचं बोट कुठं पुसावं ते तिला कळेना, तर मी माझा रुमाल दिला, जणू फार मोठं काही केलं.

पुढे सगळं सुरळीत झालं. आरटीओतल्या चकरा झाल्या, नक्कल निघाली, नाव चढलं. दिवाळीच्या आधी करडीचं जोडपं गाडी घेऊन गेलं. माय रस्त्याच्या कडेला उभी राहून हसत होती. घरी येताना ती म्हणाली, "तुया बापाची गाडी वाचली, पाह्य." मी हो म्हणालो.

कागद हरवल्याची गोष्ट बायकोला मीच सांगितली होती, अर्थात तक्रारीत लिहिली होती तशी. माय राहायला आली त्या आठवड्यात घराच्या कागदांची फाईल टेबलावरून कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. बायको वाईट नाही. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "आईंच्या हाती नको लागायला." स्वयंपाकघर दोन पावलांवर आहे.

मी मायला पाणी द्यायला गेलो. ती लसूण सोलत होती.

"बरं केलं तिनं," माय म्हणाली. "माह्या हाताचा काही भरोसा नाही रे आता."

मी पेला तिच्यासमोर ठेवला आणि बाहेर आलो.