जोडीनं बोलावलंय

सिन्नरचे काका मैदानाकडे पाठ करून बसायचे. आम्ही बाकीचे आईबाप तारेच्या जाळीला नाक लावून उभे असायचो आणि हे गृहस्थ पोराला सिन्नरहून इतक्या लांब घेऊन यायचे, त्याला आत सोडायचे आणि कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसायचे. गोल झाला, शिट्टी वाजली, आम्ही घसा ताणून ओरडलो, तरी त्यांची मान वळायची नाही. सुरुवातीला मला वाटलं, हा माणूस इथे झोपायलाच येतो. तसं वाटायला कारणही होतं, कारण त्यांचे डोळे कायम तांबारलेले असायचे.

एका व्यावसायिक फुटबॉल क्लबने नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला मुलांसाठी अकादमी सुरू केली होती. चाचणी घेऊन मुलं निवडली, त्यात माझा ईशान होता आणि काकांचा प्रथमेश होता. संध्याकाळी सराव असायचा. त्यातली चांगली मुलं पुढे क्लबच्या निवासी अकादमीत जायची, पुण्याच्याही पलीकडे. तिथेच राहणं, तिथेच शाळा, तिथेच खेळ. ‘आमचा आपला हौसेने खेळतो हो,’ असं आम्ही सगळेच एकमेकांना सांगायचो आणि प्रत्येकाचा डोळा त्या निवासी अकादमीवर असायचा.

मैदानावर आम्हा मोठ्यांना नावंच उरली नव्हती. मी ‘ईशानची मम्मी’, कुणी ‘आर्यनचे पप्पा’. प्रथमेशच्या वडिलांना मात्र पोरांनी ‘सिन्नरचे काका’ करून टाकलं आणि पोरांच्या मागोमाग आम्हीही. वयाने ते माझ्याएवढेच असतील. माळेगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ते कामाला होते आणि पोराच्या सरावासाठी त्यांनी कायमची रात्रपाळी मागून घेतली होती. सकाळी घरी येऊन पडायचं, दुपारी पोराला शाळेतून उचलायचं, एसटीने नाशिक, मग रिक्षा. सराव संपला की परत एसटी, पोराला घरी सोडायचं आणि तसंच कामावर. हे मला त्यांनी सांगितलं नाही, प्रथमेशने ईशानला सांगितलं आणि ईशानने घरी येऊन मला. त्यानंतर ते झोपायला येतात हे मी पुन्हा मनातसुद्धा म्हटलं नाही.

ते झोपत नव्हतेच. एकदा न राहवून मी विचारलं, “काका, पोरगं एवढं छान खेळतं, बघत का नाही?”

“मॅडम, मी बघाया लागलो की ते माझ्यासाठी खेळतं,” ते म्हणाले. मग सावकाश सांगितलं. गावाकडच्या एका स्पर्धेत प्रथमेशच्या पायात बॉल होता, शेजारी जोडीदार मोकळा उभा होता. काका बाहेरून ओरडले, “मार, मार!” पोराने पास न देता मारला, बॉल गोलावरून गेला, मॅच गेली. “रस्त्यात मला म्हणतं, पप्पा, तुम्ही म्हणले म्हणून मारला. लय लागलं मला. मैदान त्याचं हाय मॅडम. आपला फक्त रस्ता. आणायचं आणि न्यायचं.”

हे ऐकून मी आठवडाभर तोंड बंद ठेवलं. त्यानंतर पुन्हा सुरू झाले. माझा आवाज म्हणजे काय, गंगापूर धरणाच्या भिंतीवर ऐकू जावा. काका एकदा हसून म्हणाले, “मॅडम, तुम्ही ईशानला पळ म्हणता, आमचं बी पळतं. असू द्या.” मला त्या माणसाचा राग येणं शक्यच नव्हतं. खरं सांगायचं तर त्या जाळीपाशी मला तेवढा एकच माणूस आवडायचा.

दुसरी त्यांची सवय खाण्याची. सराव संपला की आम्ही पालक मुलांना गाडीत बसवायच्या आत उलटतपासणी सुरू करायचो. तो पास का दिला नाहीस, सर तुझ्यावर का ओरडले, उद्या पहिल्या अकरात आहेस ना. काका फक्त डबा उघडायचे. “आधी खा.” बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, कधी गूळ-शेंगदाणे. प्रथमेश चिखलाच्या हातांनी खायला लागायचा, काका बाटलीतून पाणी ओतून त्याचे हात धुवायचे आणि मग दोघं जेवायचे. ईशान गाडीत बसायच्या आधी तिकडे पळायचा. मी आणलेली उकडलेली अंडी तशीच राहायची आणि माझा मुलगा सिन्नरची भाकरी खाऊन घरी यायचा. आहाराचं व्याख्यान द्यायला आलेल्या बाईंनी भाकरी उत्तम म्हटल्यावर तर माझ्याकडे बोलायला काही उरलंच नाही.

दोन्ही मुलं एकाच वर्षी निवासी अकादमीत निवडली गेली. पोचवायला आम्ही एकत्रच गेलो, माझ्या गाडीतून. ईशानचे बाबा नोकरीसाठी परराज्यात, त्यामुळे मी एकटीच होते. वसतिगृहाच्या खोलीत मी चादर घालत होते, कपाट लावत होते, सूचना देत होते आणि ईशान ‘आई, बास ना’ म्हणत होता. काका प्रथमेशच्या पलंगाला मच्छरदाणी बांधत होते. एक कोपरा त्यांनी बांधला, बाकीचे पोराकडून बांधून घेतले, मग सोडायला लावले आणि पुन्हा बांधून घेतले. निघताना प्रथमेश पाया पडला. काका म्हणाले, “जेवत जा.” बाकी काही नाही. परतीच्या वाटेवर नारायणगाव जाईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी गाडी चालवत रडत होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, गाडी बाजूला घ्या. आपण चहा पिऊ.”

त्या वर्षी रविवारी मुलांचे फोन यायचे आणि सोमवारी काकांचा. “ईशान काय म्हणला?” मी सगळं सांगायची. प्रथमेशबद्दल विचारलं की ते म्हणायचे, “जेवतो म्हणतोय.” आवाजावरून कळायचं की पोरगं जास्त काही सांगत नाही. ईशानकडून मला थोडंफार कळलं होतं. प्रथमेशला तिथल्या मुलांचा वेग झेपत नव्हता, तो बराच वेळ बाहेर बसवला जात होता. पण मुलं बोलतात त्यातलं किती खरं धरायचं, म्हणून मी ते काकांना कधी म्हटलं नाही.

वर्ष संपताना क्लब ठरवतो, कोणाला पुढे ठेवायचं आणि कोणाला घरी पाठवायचं. त्यासाठी पालकांना बोलावतात. मला अकादमीच्या ऑफिसातून फोन आला, “पालकांपैकी कुणीही एक आलं तरी चालेल.” त्याच संध्याकाळी काकांचा फोन. आवाजात मी आजवर न ऐकलेला आनंद होता. “मॅडम, आम्हाला दोघांनाबी या म्हणलेत. मी म्हणलं, मंडळींना जमायचं नाय, तर मॅनेजर साहेब म्हणले, नाय, आईवडील दोघं पाहिजेतच. जोडीनं बोलावलंय मॅडम! जोडीनं कशाला बोलावत्यात? पूजेला, नायतर सत्काराला.”

मलाही ते पटलं. आपल्याकडे जोडीने या असं म्हणतात ते चांगल्या कार्यालाच. आणि मला मात्र कुणीही एक. म्हणजे उरकून टाकायचं काम. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात खाली बसले. ईशानचं संपलं, हे मी त्या रात्री मनाशी धरून चालले.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी सिन्नरला बायपासवर त्यांना गाडीत घेतलं. काकूंना मी पहिल्यांदाच बघत होते. ठेवणीतली हिरवी साडी, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर पेढ्यांचा मोठा खोका. पोराच्या सगळ्या मित्रांना पुरतील एवढे पेढे त्यांनी आणले होते. काका पुढे माझ्या शेजारी, रात्रपाळी करून तसेच आलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. माझा चेहरा बघून दोघंही गप्प झाले. आपला आनंद माझ्यापासून झाकायचा त्यांचा जो प्रयत्न चालला होता, तो मला बघवत नव्हता.

संगमनेर गेल्यावर काका हळू आवाजात बोलले. “मॅडम, राग नका मानू. ईशान बाहेर आला ना, तर काय झालं, कसं झालं, काय बी विचारू नका. कोणाचं चुकलं ते तर नाहीच. जवळ घ्या आणि घरी चल म्हणा. पोराला तेवढंच ऐकू येतं त्या टायमाला.”

मी मान हलवली. मागून काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात चाकणपर्यंत तिथेच होता.

माझा नंबर आधी लागला. छोटी खोली, टेबलापलीकडे मुख्य प्रशिक्षक आणि मॅनेजर, माझ्या शेजारी ईशान. प्रशिक्षक म्हणाले, ईशानला आम्ही पुढे ठेवतोय, अभ्यासाकडे थोडं लक्ष द्या. बाकीचं मी ऐकलंच नाही. उठताना मी मॅनेजरना विचारलं, “मग काहींना दोघांनाही का बोलावलंत?” त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, “मुलाला घरी नेताना आई आणि वडील दोघंही बरोबर असावेत, असं आमचं ठरलेलं आहे. एकट्या मुलाला ते जड जातं.”

त्यांचा हेतू चांगलाच होता. पण दाराबाहेर बाकावर काका-काकू बसले होते. काकूंच्या मांडीवर खोका होता आणि काकांनी शर्टाची कॉलर नीट केली होती. माझा चेहरा बघून काका पटकन उठले आणि ईशानच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, “असू दे बाळा.” मला तोंड उघडायचं होतं. पण आतून प्रथमेशचं नाव पुकारलं गेलं, आणि ते दोघं जोडीने आत गेले.

ते बाहेर आले तेव्हा काकूंनी पदर तोंडाला लावला होता. काका खोका छातीशी धरून चालत होते, एखादं झोपलेलं मूल धरावं तसे. प्रथमेश त्यांच्या मागे, मान खाली. ईशानने त्याला मिठी मारली आणि दोन्ही पोरं तशीच उभी राहिली. मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची मला लाज वाटत होती. दोन्ही एकाच वेळी होत होतं आणि कुठलंच थांबत नव्हतं.

सामान गाडीत चढलं. गेटपाशी काका पोरासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता ते म्हणणार, घरी चल. पण त्या माणसाच्या तोंडून भलतंच आलं. “काय चुकलं रे आपलं?” काकूंनी त्यांची बाही ओढली. काकांचा आवाज फुटला होता, “नाय, सांग ना, काय कमी पडलं?”

प्रथमेशने वर बघितलं. पंधराव्या वर्षी पोरं असं बोलत नाहीत. तो म्हणाला, “काही चुकलं नाही पप्पा. हे सगळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. मी बघितलंय ना वर्षभर.”

प्रथमेशने काकांच्या हातातून खोका काढून घेतला. दोरा दातांनी तोडला. मग तो मैदानाच्या कडेने उभ्या असलेल्या मुलांकडे गेला आणि एकेकाच्या हातावर पेढा ठेवू लागला. आधी ईशान, मग पुढे ठेवलेली बाकीची मुलं, मग त्याच्यासारखी घरी निघालेली, मग ज्यांनी त्याला काढलं ते प्रशिक्षक. त्यांनी पेढा घेतला आणि त्याचा हात बराच वेळ सोडला नाही. शेवटी त्याने आईच्या तोंडात भरवला, वडिलांना दिला आणि मलाही दिला.

ईशान गेटच्या आत राहिला. आम्ही चौघं गाडीत बसलो. काकू आणि प्रथमेश मागे, एकमेकांना चिकटून. माझ्या एका हातात किल्ली होती आणि दुसऱ्या हातात तो पेढा. तोंडापर्यंत नेला तरी तो खाववत नव्हता, आणि टाकायचा तर प्रश्नच नव्हता. मी नुसती बसून राहिले. काकांनी डोळे पुसले, माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, “खा मॅडम, मग काढा गाडी. आमच्या पोरानं दिलाय.”