अश्विनीच्या कार्डावर मोना

हे मी पुरं कोणालेच सांगितलं नाही. बायकोले अर्धं माहीत आहे, भावालेही तेवढंच. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच बहुतेक बोलून राहिलो.

मी रसमड्याच्या एका कारखान्यात फिटर आहे, घर स्मृती नगरात. कारखान्याचं मेडिकल कार्ड आहे, त्यावर दवाखाना फुकट — त्यात मी, बायको अन् आमची लेक अश्विनी. धाकटा भाऊ सुनील आमगावले पंक्चरचं दुकान चालवते. त्याची मोना तेव्हा नऊ वर्षांची, अश्विनीच्याच वयाची. साधी सर्दी कधी नाही त्या पोरीले. दिवसभर तळ्याच्या पाळीवर उंडारायची. तिले ताप आला, महिना झाला तरी उतरेना. तेव्हा मीच सुनीलले म्हटलं — घेऊन ये इकडं, कार्ड आहे ना.

कार्डात पुतणी बसत नाही, हे मले ठाऊक होतं. पण आमच्याकडं चालते हे. साळ्याचं ऑपरेशन भावजीच्या कार्डावर होते, अन् लोक म्हणतात माणूस कामाचा निघाला. कार्डावरचा फोटो अश्विनीच्या बालवाडीतला, कोणत्याही पोरीचा वाटावा असा. मोनाले बजावलं, तिथं तुझं नाव अश्विनी. तिले गंमत वाटली.

इथपर्यंत तुम्हीही म्हणाल, त्यात काय एवढं? मलेही तसंच वाटलं होतं.

पण — कसं सांगू — कार्डासोबत दवाखान्यात जुनी फाइलही निघते. अश्विनीले सहाव्या वर्षी गळ्यात टीबीच्या गाठी झाल्या होत्या. औषध पुरं केलं, बरी झाली. आता मोनाच्याही गळ्यात गाठी, ताप, पोट फुगलेलं. डॉक्टर मॅडमनं फाइल पाहिली अन् विचारलं, "इसको पहले टीबी हुआ था ना?"

मी म्हटलं, जी मॅडम.

टीबी उलटली असं धरून औषध सुरू झालं. ताप हटेना. मग मॅडमनं पोरीच्या अंगात रोगाशी लढायची ताकद आहे का, ते तपासलं. सगळे रिपोर्ट चांगले. त्याच गोंधळल्या. एवढी आजारी पडणारी पोरगी, मग रक्त इतकं चांगलं कसं? त्यांनी मले परत विचारलं, ही लहानपणापासून कमजोर आहे का?

तोंडाशी आलं होतं — मॅडम, ही ती नाहीच. पण नोकरी दिसली. चौकशी, कार्ड जप्त, गेटच्या बाहेर मी. म्हणून मी हो म्हटलं, पहिल्यापासून अशीच आहे म्हटलं. नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं — मग कायले बोललो मी?

दोन महिने गेले. मोनाचं डोकं दुखायले लागलं, उलट्या, एकाचे दोन दिसायले लागले. तेव्हा कुठं गाठ काढून तपासली, पाठीतलं पाणी काढलं. बुरशी निघाली. फुप्फुसातून रक्तात गेलेली, गाठींत, मेंदूपर्यंत. मॅडम म्हणाल्या, धडधाकट लेकराले असं क्वचितच होते, कशानं होते ते आम्हालेही नीट कळत नाही. मग सहजच म्हणाल्या — जुनी टीबी नसती, तर गाठ पहिल्याच आठवड्यात काढली असती.



औषध सलाइनमधून चाललं. मोना वाचली. उजव्या डोळ्यानं अंधुक दिसते तिले, डाव्यानं काहीच नाही.

पहिल्या आठवड्यात गाठ काढली असती तर डोळे राहिले असते? अन् मी कार्ड दिलंच नसतं — तर सुनीलनं तिले आणलीच नसती, मग? मी तिले वाचवलं, का आंधळं केलं? का दोन्ही? इतकी वर्षं उलटून-पालटून पाहून राहिलो, डोकं भणभणते, काही समजत नाही. एवढंच पक्कं आहे की मले दोनदा विचारलं, अन् मी दोनदा खोटं बोललो. मले त्याची लाज वाटते. तरी मी अजून त्याच कारखान्यात जातो.

या दिवाळीत सुनील आला. मोनाचा हात धरून तिले माझ्यासमोर उभं केलं. म्हणे, मोठ्या बाबाच्या पाया पड, ते होते म्हणून तू आहे. ती वाकली, चाचपडत माझे पाय शोधले.

मी पाय मागं घेतले नाही.