उणे तीस अंशांतला सेप्टिक टँक

तोपर्यंत मी बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला. तरीही शारजाच्या ऑगस्टमध्ये, बाहेर ओली हवा अंगाला चिकटत असताना, मी उणे तीस अंशांत राहायच्या एका घराच्या पाण्याची आणि संडासाची आखणी केली. चांगली केली. त्या कामाची आठवण झाली की मला आजही शिसारी येते, आणि तिच्यातला मोठा वाटा माझा स्वतःचाच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

नव्वदीच्या उत्तरार्धातली गोष्ट. मी पुण्याहून तिकडे गेलेला प्लंबिंग-ड्रेनेजचा इंजिनिअर, बायको आणि मुलीसह शारजातल्या रोल्ला भागात दोन खोल्यांत राहणारा. कंपनी बांधकामाची. मालक आपल्याच देशातला, तीस वर्षांपूर्वी एका बॅगेनिशी आलेला. ती बॅग तो प्रत्येक पार्टीत एकदा तरी उघडायचाच. त्या वर्षी त्याने कॅनडात, जंगलात, एका तळ्याकाठी जागा घेतली. जवळचं गाव गाडीने दोन तासांवर, सहा महिने बर्फ, नळ नाही, गटार नाही. तिथल्या इंजिनिअरला कशाला विचारायचं, आपला घरचा माणूस आहे की, म्हणून त्याने मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि खांद्यावर हात ठेवला. मालकाचा हात खांद्यावर आला की माणसाने खिसा आणि अब्रू दोन्ही सांभाळावं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

"तुम्हारे जैसा आदमी वहाँ किधर मिलेगा," तो म्हणाला. "सब फर्स्ट क्लास करो. बस एक बात. स्मेल नहीं चाहिए. मॅडम को स्मेल बिलकुल नहीं चलता."

मी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. पहिल्या ड्रॉइंगमध्ये मी सवयीने पाण्याची टाकी गच्चीवर ठेवली. खिडक्या सगळ्या उत्तरेला काढल्या, कारण आखातात दहा वर्षं काढलेल्या माणसाला सूर्य म्हणजे शत्रू, त्याच्याकडे घराची पाठ असायची. आणि संडासात हाताच्या फवाऱ्याची नळी बाहेरच्या भिंतीतून नेली. अशा घरात पहिल्याच रात्री टाकी, नळी आणि माणसं सगळी गोठून कडक झाली असती. माझी मुलगी कागदावर वाकून म्हणाली, "बाबा, व्हाय इज देअर बाथरूम बिगर दॅन अवर किचन?" मी तिला अभ्यासाला पिटाळलं.

थंडी म्हणजे काय ते कळावं म्हणून मी एका शीतगोदामात गेलो. आमच्याच कंपनीने ते बांधलं होतं, आत गोठवलेली कोंबडी ठेवत. तिथला माणूस म्हणाला उणे अठरा आहे. मी हातात पाण्याची बाटली घेऊन उभा राहिलो. पाच मिनिटांत नाकातले केस ताठ झाले आणि मी मुकाट बाहेर आलो. त्यानंतर मी नवा कागद घेतला.

आणि मग, खरं सांगतो, मला त्या कामाची गोडी लागली. गेली काही वर्षं मी नुसत्या इमारतींचे एकसारखे पाइप काढत होतो. इथे डोकं चालवायचं होतं. तिकडे जमीन दोन-अडीच मीटर खोल गोठते, म्हणून पाण्याची नळी त्याच्याही खाली. टाकी गच्चीवरून तळघरात आली, खिडक्या दक्षिणेला वळल्या. मैला कुजवणारे जंतू थंडीत आळसावतात, म्हणून सेप्टिक टँक नेहमीपेक्षा मोठा आणि त्याच्यावर जाड फोमची गादी. वाफ गोठून टँकची हवा वर सोडणारा व्हेंटचा पाइप तोंडाशी बुजतो आणि वास घरात उलटा येतो, म्हणून तो जाड. जमीन पाणी किती वेळात पिते हे आधी खड्डा खणून, त्यात पाणी ओतून, घड्याळ लावून बघायचं. विहीर चढावर, मैल्याचं पाणी उतारावर, आणि दोन्हींमध्ये निदान तीस मीटर अंतर.

मालकाने त्या तीसच्या आकड्यावर पेन्सिल टेकवली. "सिर्फ तीस? पचास करो. पीने का पानी है, मजाक है क्या?"

मी पन्नास केले.

याच दिवसांत आमचा एक मुकादम माझ्यासाठी ऑफिसच्या जिन्याशी उभा राहू लागला. राजापूरकडचा, पन्नाशीचा, काँक्रीटचे साचे ठोकणाऱ्या शटरिंगच्या सुतारांचा फोरमन. कंपनीच्या कॅम्पात, म्हणजे कामगारांच्या वस्तीत, राहायचा. ऑफिसात मराठी बोलणारा मी एकटाच, म्हणून माझ्याकडे यायचा.

"सायेब, जरा येऊन बघा. पान्याला वास मारतोय," तो म्हणाला. "आमच्या खोलीतले दोघं हॉस्पिटलात हायत. कावीळ. त्यातला एक माझ्या बहिणीचा नवरा. ती मैल्याची टाकी तेवढी लांब करा, बाकी काय नको आमाला."

मला येऊन बघायची गरज नव्हती. कॅम्पाचं ड्रॉइंग माझं होतं. दोन वर्षांपूर्वी मी ते साठ माणसांसाठी काढलं होतं. जमिनीत एक टाकी गोड्या पाण्याची, टँकरने भरायची; तिच्यापासून पंधरा मीटरवर सेप्टिक टँक, टँकरने उपसायचा. बांधताना मालकाला मधल्या जागेत खोल्यांची आणखी एक रांग हवी झाली. सेप्टिक टँक सरकत सरकत पाण्याच्या टाकीपासून तीन मीटरवर आला आणि साठाच्या जागी एकशे ऐंशी माणसं आली. काम संपल्यावर जसं झालंय तसं दाखवणारं ड्रॉइंग म्युनिसिपालिटीला द्यावं लागतं. माझ्यासमोर जे ठेवलं त्याच्यावर साठ आणि पंधरा हेच आकडे होते. मी सही केली. तेव्हा मुलीची शाळा नुकतीच सुरू झाली होती, व्हिसा कंपनीचा होता, वगैरे वगैरे. कारणं काय, सगळ्यांकडेच असतात.

"बघतो," मी मुकादमाला म्हणालो. "टँकरची फेरी वाढवायला सांगतो. होईल, इन्शाल्ला."

हा शब्द मी तिकडे शिकलो आणि माझ्या तोंडात त्याचं पार वाटोळं झालं. तिथले लोक तो श्रद्धेने म्हणतात. मी तो 'आता निघा' या अर्थाने वापरायचो. मुकादम मान डोलवून निघून जायचा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा जिन्याशी दिसायचा. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तो फक्त म्हणाला, "शुक्रवारी या. सुट्टी हाय. घरी आल्यासारखं या."

शुक्रवारी सकाळी मी गेलो. कशाला गेलो हे मला नीट सांगता येणार नाही. बहुधा त्याने जिन्याशी उभं राहणं थांबवावं म्हणून.

फाटकातून आत शिरताच वासाने तोंडावर थप्पड मारली. मॅनहोलचं झाकण उचललं गेलं होतं आणि त्यातून काळं-हिरवं पाणी दोन रांगांच्या मधून वाहत होतं. त्यात एक रबरी चप्पल तरंगत होती. माणसं सिमेंटचे ठोकळे टाकून त्यांच्यावरून ये-जा करत होती, अगदी सराईतपणे, दात घासत, गप्पा मारत. पाण्याच्या टाकीचं झाकण त्या ओघळापासून हातभर अंतरावर होतं. मी नाकाला रुमाल लावला. मग आजूबाजूचे माझ्याकडे बघताहेत असं दिसल्यावर तो काढून घाम पुसल्याचं नाटक केलं. आणि तशातही माझ्या डोक्यात काय आलं असेल? व्हेंटचा पाइप इथेही जाड हवा होता.

मुकादमाच्या सात नंबरच्या खोलीत बारा माणसांच्या दुमजली खाटा. दोन रिकाम्या, गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. माझ्यासाठी खोली झाडली होती, उदबत्ती लावली होती, एका खाटेवर धुतलेली चादर अंथरली होती. मला तिच्यावर बसवून सगळे समोर उभे राहिले. मुकादमाने ताटलीत गुळाचा खडा आणि फुलपात्रभर पाणी आणून माझ्यापुढे धरलं. कोकणात दारी आलेल्याला पहिल्यांदा हेच देतात. गूळ तो रजेवरून येताना घेऊन आला होता आणि पाणी कॅम्पातल्या टाकीतलं होतं.

मी गुळाचा खडा तोंडात टाकला. फुलपात्र उचललं, ओठांपर्यंत नेलं. पाणी दिसायला स्वच्छ होतं. मी फुलपात्र खाली ठेवलं.

"आत्ताच चहा घेऊन निघालोय घरून," मी म्हणालो.

मुकादमाने एकदा माझ्याकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं. घरी आलेल्याने दिलेलं पाणी टाळणं म्हणजे काय ते त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं, पण हे तसलं टाळणं नाही हेही त्यांना कळलं. पाहुणा इंजिनिअर होता. ज्याने टाकीचं ड्रॉइंग काढलं तोच पाणी पीत नाही. मी इकडचं तिकडचं बोललो, टँकरचं आश्वासन दिलं आणि ठोकळ्यांवरून तोल सांभाळत गाडीपाशी आलो. रस्त्यात गाडी थांबवून ओकलो. मग घरी जाऊन बाटलीतलं गार पाणी प्यायलो.

शनिवारी पहाटे कॅम्पाच्या फाटकात बसेस उभ्या राहिल्या आणि एकही माणूस चढला नाही. एकशे ऐंशी माणसं खाली बसून राहिली. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की इंजिनिअर जे पाणी पीत नाही ते आम्ही पिणार नाही, टाकी हलवा. त्या दिवशी एका टॉवरचा स्लॅब भरायचा होता. काँक्रीटच्या गाड्या येऊन ताटकळल्या, आणि काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. अकरा वाजेपर्यंत मालकाने शब्द दिला: गोड्या पाण्याचा वेगळा टँकर त्याच दिवसापासून, नवा सेप्टिक टँक लांबच्या कोपऱ्यात, जुनी पाण्याची टाकी बंद. संपाला तिकडे परवानगी नाही, आणि पोलीस आले असते तर त्यांनी टाकीही पाहिली असती. हे त्यालाही कळत होतं.

मग त्याने मला बोलावलं. या वेळी चहा नव्हता.

"तू कल उधर गया था?"

"हाँ सर. इन्स्पेक्शन के लिए."

"पब्लिक को क्या बोला?"

"कुछ नहीं बोला सर." हे खरं होतं, म्हणून माझा आवाज ठाम निघाला.

"कौन है इन का लीडर? तेरे ही मुलुख के लोग हैं, तेरे को मालूम होगा."

मला माहीत नाही असं म्हणता आलं असतं. गप्प बसता आलं असतं. त्याने फार तर चिडून मला हाकललं असतं. टेबलावर त्या तळ्याकाठच्या घराचा नकाशा पसरला होता, विहिरीपाशी माझ्या हाताने लिहिलेला पन्नासचा आकडा दिसत होता. मी त्या आकड्याकडे बघत म्हणालो, "रूम नंबर सात का फोरमन, सर." एवढं सहज निघालं, की केबिनमधून बाहेर येईपर्यंत मी काय केलं ते मलाच उमगलं नाही. बाहेर आल्यावर उमगलं, आणि मी बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ हात धुतले.

नवा सेप्टिक टँक आठ दिवसांत झाला. ड्रॉइंग मीच काढलं, पुरत्या एकशे ऐंशी माणसांचं आणि चाळीस मीटर अंतराचं. हॉस्पिटलातले दोघे परत आले. त्या थंड घराचं पुढे बांधकामही झालं असं ऐकलं. मॅडमना वास आला नाही, कारण मॅडम तिकडे एकदाच गेल्या.

टाकी झाल्यावर आठवड्याने मुकादम माझ्या टेबलाशी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात व्हिसा रद्द केल्याचा कागद. संध्याकाळचं विमान होतं. मी उठून उभा राहिलो, ते आदराने नाही, बसवेना म्हणून.

"सायेब, तुमचे उपकार हायत," तो म्हणाला. "तुमी पानी नाय प्यायलात, तेवाच आमी काय ते समजलो. आणि मालकाला पण तुमीच सांगितलंत. नायतर आठ दिवसांत टाकी होते कुठं?"

मी मान हलवली. कशासाठी हलवली, देव जाणे.

"माझं काय, नऊ वर्षं झाली. कधी तरी जायाचंच होतं," तो म्हणाला. मग जरा पुढे वाकून त्याने आवाज खाली आणला. "कोणीतरी माझं नाव दिलं म्हनतात. आपल्यातलाच असंल. पोरं त्याला शोधतायत. त्यास्नी आवरा सायेब. आणि तुमाला कळलंच कोण ते, तर तुमीही त्याला काय बोलू नका. त्यालाही पोरंबाळं असतील."

"नाही बोलणार," मी म्हणालो.