खारा बांगडा आणि आईचं काळीज

आमच्या सारसोळ्यात, नवी मुंबईतल्या या कोळ्यांच्या गावात, मीठ वेगळं आणि खारं वेगळं. मीठ म्हणजे बरणीतलं, चिमटीने घालायचं. खारं म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला मीठ भरून ठेवलेला मासा. ते आमच्या लेखी मीठ नाही, जेवण. हा फरक कुणी शिकवत नाही, तो पोटात असतो.

आईचे पाय सुजायला लागले आणि जिन्यात दम लागायला लागला, तेव्हा तिने सगळा दोष सोसायटीच्या बंद पडलेल्या लिफ्टवर ढकलला. जन्मभर बाजारात मासळी विकलेली बाई. अंग कुरकुरलं तर ती उलट अंगालाच दम द्यायची. शेवटी मीच तिला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय, सांभाळलं नाही तर जिवावर बेतेल. लघवीची गोळी सुरू झाली आणि मीठ बंद झालं.

आईने मीठ असं सोडलं की बघत राहावं. भात अळणी, आमटी अळणी, शेजारणीने प्रेमाने आणलेली भाजी तशीच परत. चूल एकच, त्यामुळे मीही अळणी खात होते आणि महाप्याच्या ऑफिसात माझ्या डब्याला कुणी हात लावत नव्हतं. एवढं करूनही पुढच्या खेपेला सूज तशीच होती. रक्ताच्या तपासणीत एका हार्मोनचा आकडा तर आधीपेक्षा चढला होता. मला घाम फुटला. हे हार्मोन कमी करायची काही गोळी असेल तर द्या, असं मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले.

त्या हसल्या. म्हणाल्या, अहो, ते विष नाही, ते हृदयच बनवतं. भार वाढून हृदयाचे स्नायू ताणले गेले, की त्यांतून हे हार्मोन रक्तात सुटतं. ते मूत्रपिंडाला सांगतं, मीठ आणि पाणी बाहेर टाक. रक्तवाहिन्यांना सांगतं, जरा सैल व्हा. आकडा जेवढा मोठा, तेवढी हृदयाची ओढाताण जास्त.

मी थक्क झाले. हृदय म्हणजे पंप, एवढंच मला शाळेपासून ठाऊक. बुडायची वेळ आली तरी आपलं काम न सोडता हा मुठीएवढा जीव स्वतःच औषध तयार करतो, हे ऐकून मला त्याच्याबद्दल, खरं सांगते, आदरच वाटला.

मग डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, काल जेवणात काय होतं? आईने अभिमानाने सांगितलं, तांदळाची भाकरी आणि खारा बांगडा. मिठाचा कण नाही. डॉक्टरीणबाई साताऱ्याकडच्या. खारा म्हणजे काय, असं त्यांनी मला विचारलं. मीठ भरून ठेवलेला, एवढं म्हणाले आणि मी अर्ध्या वाक्यात थांबले. तोच बांगडा त्याच ताटात मीही खाल्ला होता.

खाऱ्यातलं सगळं मीठ पोटात जातं, हे डॉक्टरीणबाईंनी आईला समजावलं. मग आई छातीवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे ह्यो बिचारा येकटाच पानी उपसत व्हता, आन मी वरून मीठ वतत व्हते?"

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तो एकटा किती दिवस पुरणार? दम लागला की लगेच सांगायचं. हृदय मदत मागायला लाजत नाही, तुम्हीही लाजू नका."

घरी आल्या आल्या आईने खाऱ्याचा डबा शेजारणीला देऊन टाकला. तिच्या हातचं खारं गावात नावाजलेलं, पण तिने मागे वळून पाहिलं नाही. पायांची सूज उतरत गेली. ताजी मासळी लिंबू-मिरचीवर खायला ती शिकली आणि नाक मुरडत मलाही शिकवलं.

दम लागला की सांगायचं, हे मात्र तिला जड गेलं. बाबा गेले तेव्हा तिने कुणाला हाक मारली नव्हती. दुखतं, झेपत नाही, ही वाक्यं तिच्या तोंडून मी ऐकलीच नव्हती. रोज विचारलं की उत्तर ठरलेलं, मी बरी हाय.

गेल्या महिन्यात ऑफिसात मीटिंग चालू असताना तिचा फोन आला. ती कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून मी तिथेच उचलला.

"आज दम लागतोय," ती म्हणाली. "तू ये."

मी लॅपटॉप उघडा टाकून निघाले. रिक्षावाल्याला मी दोनदा लवकर चालवायला सांगितलं, आणि तरी आई जिंकली असं मला वाटत होतं.