हिलालनाना आणि रानडुकराची थरथर

सुरतेतल्या नवागामच्या लोकांना अलीकडे एक सवय लागली आहे. घरात नवा टीव्ही आला, कुणी पोरांसाठी व्हिडिओ गेम घेतला किंवा फोन बदलला, की माणूस ते खोकं बगलेत मारून मगनभाईच्या दुरुस्तीच्या दुकानात येतो आणि विचारतो, "नाना, बरोबर घेतला ना?"

नाना म्हणजे हिलाल दगा महाजन. मूळचे खानदेशातल्या पारोळा तालुक्यातले, वय सत्तावन्न. त्यांना प्रश्न विचारायचा तर समोर उभं राहून ओठ नीट हलवावे लागतात, नाहीतर काउंटरवरच्या पाटीवर खडूने लिहावं लागतं. नानांना ऐकू येत नाही. बोलता मात्र चांगलं येतं, आणि मत द्यायला ते कधी मागेपुढे बघत नाहीत. वस्तू हातात घेतली की आधी तिचं वजन बघायचं, मग बटणं दाबायची, आणि शेवटी ती पालथी करून स्क्रू शोधायचे. स्क्रू दिसला नाही की नानांनी नाक मुरडलंच म्हणून समजा.

"नुसतं डिंकानं चिकटवलंय. उद्या बिघडलं तर उघडणार कुठून? याला फक्त फेकता येतं."

जुन्या, कॅसेट खोचायच्या गेमवर मात्र त्यांचा फार जीव. "खोच आणि खेळ. चाललं नाही तर कॅसेटच्या पितळी पट्ट्यांवर खोडरबर फिरव, की चाललं. आताचा नवा डबा घरी आणा, तर तो आधी इंटरनेट मागतो, मग तुमचं नाव मागतो, मग पासवर्ड मागतो. पाहुण्याला जेवायला बोलावून दारात आधारकार्ड विचारल्यासारखं झालं हे!"

हा माणूस मुळात गेमवाला नव्हे. एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आला तो पांडेसऱ्यात यंत्रमागावर कामाला लागला. आठ-दहा वर्षांत माग चालवता चालवता माग दुरुस्त करायला शिकला आणि मास्टर झाला. खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, ऐंशी माग एकदम सुरू झाले, की शेजारी उभ्या माणसाला हाक ऐकू जायची नाही. पण त्या गदारोळातून एखाद्या मागाचा ठोका चुकला तर हिलाल मास्टर लांबून ओळखायचे. "बेचाळीस नंबरचा धोटा अडखळतोय," म्हणत निघायचे, आणि खरोखर तिथंच दुखणं सापडायचं. शेठ म्हणायचा, या माणसाचे कान म्हणजे माझ्या खात्याचे डॉक्टर.

तेच कान खात्यानं खाल्ले. हळूहळू, तीस-बत्तीस वर्षांत, कुणाला कळणारही नाही असे. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटी, मग बायकोचा आवाज. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आतली नस सुकली आहे, यंत्र लावून थोडाफार आवाज येईल, शब्द कळणार नाहीत. यंत्र लावलं. त्यातून मिक्सर फिरल्यासारखा नुसता घरघराट यायचा. ते डबीत गेलं.

एके दिवशी एका मागाचा गियर तुटेपर्यंत मास्टरला पत्ता लागला नाही. कुणी काही बोललं नाही, उलट शेठनं खांद्यावर हात ठेवला. पण नानांनी त्याच आठवड्यात काम सोडलं. मागाचं दुखणं ज्याला ऐकू येत नाही त्यानं मास्टर म्हणवून घेऊ नये, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

पुढचे पाच-सहा महिने वाईट गेले. घरात आणखी दोनच माणसं, बायको सुषमा आणि मुलगी स्नेहा. स्नेहा कापड मार्केटमधल्या पार्सल ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. दोघी हसल्या की नानांना वाटायचं आपल्यालाच हसल्या. लग्नाकार्यात जाणं बंद, पारावर बसणं बंद. टीव्हीसमोर बसायचे आणि आवाज नसलेल्या माणसांची तोंडं बघत राहायचे.

मगनभाईंची गाठ पडली ती मिक्सरच्या निमित्तानं. घरचा मिक्सर दुरुस्तीला नेला होता. मगनभाई त्यात अर्धा तास गुंतले होते. नानांनी काउंटरच्या आत हात घातला, मोटार तळहातावर धरली, दोन बोटांनी फिरवली आणि म्हणाले, "बुश घासलाय. बाकी काही नाही." खरंच बुश घासला होता. मगनभाईंनी नानांकडे निरखून बघितलं. त्यांचं दुकान जुन्या वस्तूंचं: टीव्हीचे रिमोट, पंखे, गेमचे डबे, गेमच्या जॉयस्टिकांची तर पोतीच्या पोती पडलेली. त्यांनी नानांना दुसऱ्या दिवशी यायला खुणावलं. नानांनी कानावर हात ठेवून मान हलवली. तेव्हा मगनभाईंनी पाटीवर गुजरातीत लिहिलं, "कान नथी तो शुं थयुं, हाथ तो छे ने!" म्हणजे, कान नाहीत तर काय झालं, हात तर आहेत ना!

नाना अजून म्हणतात, मला नोकऱ्या तशा दोन-तीन लागल्या, पण लिहून बोलावणारा मालक एकच मिळाला.

आता जॉयस्टिक दुरुस्त केली की ती चालते का हे बघायला गेम खेळावा लागतो. पन्नाशीच्या पुढे, आयुष्यात पत्तेसुद्धा मन लावून न खेळलेल्या माणसाच्या हातात अशी जॉयस्टिक आली. पहिल्याच आठवड्यात एका मोटारींच्या शर्यतीत त्यांची गाडी कठड्याला घासली आणि तळहातात थरथर उठली. नाना दचकले. त्यांनी मुद्दाम पुन्हा गाडी घासली. पुन्हा थरथर. जॉयस्टिक उघडून बघितली, तर आत दोन मोटारी, एकीला जड वजन, दुसरीला हलकं. जड मोटार घुमली की हाताला ढोलासारखं लागायचं, हलकी फिरली की टाळीसारखं.

पूर्वी मागाच्या सांगाड्यावर तळवा टेकवला की आत काय चाललंय ते कळायचं. तेच हे, नानांच्या लक्षात आलं. त्या दिवशी घरी येऊन ते बायकोशी तासभर बोलले. सुषमाबाईंना गेममधलं ओ की ठो कळलं नाही, पण नवरा तासभर बोलला यानंच त्यांचा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून नाना गेम पारखू लागले. हा गेम हाताशी बोलतो, तो मुका आहे, याची बटणं भुसभुशीत आहेत, त्याची काडी आपोआप डावीकडे सरकते. स्नेहाला हे ऐकायला मजा यायची. तिनं फोनवर नानांचं बोलणं रेकॉर्ड करून, खाली अक्षरं टाकून, इंटरनेटवर लावायला सुरुवात केली. बघणारे फार नव्हते. गावाकडचे नातेवाईक, नवागामची दहा-वीस माणसं, आणि कुठले कुठले अनोळखी.

गेल्या वर्षी स्नेहानं तिच्या लॅपटॉपवर एक नवा गेम आणला, 'रानराखण' नावाचा. पुण्यातल्या चार-पाच तरुणांनी केलेला, मराठीतला. ज्वारीचं शेत, मधोमध राखणीचा माळा, आणि माळ्यावर तुम्ही. पाखरं येतात, हरणं येतात, रानडुकरं घुसतात. त्यांना वेळेत हाकलायचं. नानांना शेत बघूनच भरून आलं. कणसं इतकी खरी, की ते पडद्याला हात लावायला गेले.

पण गेम काही जमेना. दर वेळी डुकरं पाठीमागून यायची आणि नाना मान वळवेपर्यंत शेत आडवं झालेलं असायचं. आठ दिवस हाच प्रकार. नानांना वाटलं, वय झालं, हात मंद झाले. मग रविवारी स्नेहा खेळायला बसली आणि तिनं एकही कणीस जाऊ दिलं नाही. डुक्कर दिसायच्या आधीच ती वळत होती.

"तुला कसं कळतं?" नानांनी विचारलं.

स्नेहा थांबली. मग तिनं पाटी ओढून लिहिलं, "आधी सळसळ वाजते, नाना. ज्या बाजूनं वाजते तिकडून येतात."

नानांनी जॉयस्टिक खाली ठेवली आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. सुषमाबाई मागोमाग आल्या. नवऱ्यासमोर बसून, ओठ दिसतील अशा बेतानं त्या सावकाश अहिराणीत म्हणाल्या, "तुमले ऐकू येत नही, हाई त्या पुण्याना पोऱ्यासले कोन सांगी? तुम्हीच सांगा ना मंग!"

दुसऱ्या दिवशी नानांनी स्नेहाला फोन काढायला लावला. रागावून बोलायचं नाही असं ठरवून बसले होते. "शेत फार सुंदर केलंय," त्यांनी सुरुवात केली, "आमच्या गावासारखं. म्हणूनच सांगतो. तुमचं डुक्कर फक्त कानवाल्यांना दिसतं. मी मागावर कान घालवले. माझ्यासारखे इथं पुष्कळ आहेत. आमच्या हातात ही जॉयस्टिक असते, तिच्यात दोन मोटारी असतात, आणि तुम्ही त्या झोपवून ठेवल्यात. त्यांना जागं करा."

स्नेहानं ते त्या पुण्याच्या मंडळींना पाठवलं. महिना गेला, दीड महिना गेला. नाना विसरल्यासारखं दाखवायचे. मग एका दुपारी स्नेहा ऑफिसातून निघून थेट दुकानात आली आणि फोन नानांच्या नाकासमोर धरला. पल्लवी नावाच्या मुलीचं पत्र होतं. गेमचा आवाजाचा भाग तिनंच केला होता. तिनं लिहिलं होतं की तिनं आपला गेम आवाज बंद करून खेळून बघितला, सात वेळा हरली, आणि तिला लाज वाटली. आम्हाला शिकवाल का, असं शेवटी विचारलं होतं.

नानांनी पत्र तीनदा वाचलं. मगनभाईंनाही वाचून दाखवलं. मगनभाईंनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

पुढचे तीन महिने नाना पुन्हा मास्टर झाले. पल्लवी फोनच्या पडद्यावर समोर बसायची, बोलेल ते टाइप करायची, आणि सुधारलेला गेम पाठवायची. पहिल्या वेळी सगळ्या जनावरांना एकच थरथर होती. नानांनी तो परत पाठवला. "चिमणी आणि डुक्कर सारखंच वाजतं होय? डुक्कर जड पावलानं येतं. थांबत थांबत येतं. जड मोटार लाव, मधे दम घे." दुसऱ्या वेळी बाजू कळत नव्हती, डावीकडून आलं तर डाव्या हाताला आधी लागायला हवं. हरणाची थरथर तर नानांनी ओट्यावर बोटं वाजवून दाखवली, हलकी, दोन-दोनच्या जोडीत. पल्लवीनं तिकडे टेबलावर बोटं वाजवून बघितली. दोघांनाही हसू आलं.

तिसऱ्या वेळी नाना माळ्यावर बसले, डोळे समोरच्या पाखरांवर, आणि उजव्या तळहाताला काहीतरी जड चाललेलं लागलं. ते वळले. झुडपातून सुळे बाहेर येत होते. "ए हाट!" नाना घरात एवढ्या जोरानं ओरडले की शेजारीण दारात आली.

सुधारलेला गेम पोळ्याच्या सुमारास आला. शेवटी आभाराची यादी होती, आणि तीत देवनागरीत लिहिलं होतं: हिलाल दगा महाजन, सुरत. सुषमाबाईंनी त्या नावाला हळदकुंकू लावायचं म्हटलं, तर स्नेहानं लॅपटॉप कसाबसा वाचवला.

नानांना विचारलं तर ते म्हणतात, त्या पोरांचं कौतुक करा. चूक दाखवल्यावर गप्प बसणारे पुष्कळ असतात, ही पोरं शिकायला बसली. आणि सुषमानं मला त्या दिवशी ओट्यावरून उठवलं नसतं, तर मी त्या डुकराला शिव्या देत बसलो असतो. स्नेहानं माझं बोलणं जगाला ऐकवलं. माणसाला आणखी काय लागतं?

गेल्या रविवारी ते उठून गल्लीच्या टोकाला लोटू बडगुजर राहतो त्याच्या घरी गेले. लोटूही मागावरचा, नानांच्याच खात्यातला. त्याचेही कान गेलेले, आणि दोन वर्षं तो घराबाहेर पडला नव्हता. नानांनी त्याला हाताला धरून दुकानात आणलं, स्नेहाच्या लॅपटॉपसमोर खुर्चीत बसवलं, जॉयस्टिक हातात दिली आणि स्वतः बाजूला उभे राहिले. लोटू कंटाळल्यासारखा पाखरं बघत होता. मग अचानक त्यानं डाव्या हाताकडे बघितलं, नानांकडे बघितलं, आणि माळ्यावरचा माणूस गर्रकन डावीकडे वळवला.

डुक्कर पळालं. लोटू स्वतःला ऐकू न येणाऱ्या आवाजात खदखदून हसला, आणि "अजून एक डाव," म्हणून त्यानं खुर्ची पुढे ओढली.