कशेळ्याच्या स्टँडवरची माफी

तीस वर्षं रंगमंचावर आवाज लावून पोट भरलं मी, पण गौराबाईंच्या आवाजापुढे माझा आवाज म्हणजे विंगेतली कुजबुज. कशेळ्याच्या स्टँडवर त्यांनी दिलेली शिवी रस्त्यापलीकडच्या टपरीत आमच्या चहाच्या कपात येऊन पडे.

तीन वर्षांपूर्वी वाडीवरच्या या ठाकर बाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि शिव्या देणं सोडलं. "माज्या तोंडाकडं बगून लोक येशूला जोखतात," असं मला म्हणाल्या होत्या. जीप उशिरा आली, कुणी पाय तुडवला, तरी ओठ घट्ट मिटून घेत. त्यांची शेजारीण कोंडी मात्र म्हणायची, "बगू, किती दिस टिकतंय."

मे महिन्यातली सकाळ. कर्जतच्या बाजाराला जाणाऱ्या जीपसाठी बायका करवंदांनी भरलेल्या पाट्यांची रांग लावतात. पाटी असेल तिथे बाईचा नंबर. मग ती खुशाल सावलीत बसते. गौराबाई पाणी पिऊन आल्या, तर पहिल्या जागी त्यांची पाटी नाही, कोंडीची.

आधीच एक जीप भरून गेली होती आणि करवंदं उन्हानं मऊ पडत चालली होती. तीन वर्षं दाबलेलं सगळं एका दमात बाहेर आलं, थेट कोंडीच्या आईबापापर्यंत. कोंडीची पाटी उचलून त्यांनी बाजूला आपटली. करवंदं धुळीत सांडली.

मघाशीच येऊन लागलेल्या दुसऱ्या जीपच्या टपावरून ड्रायव्हर काळूराम म्हणाला, "मावशे, तुजी पाटी मीच वर चढवलीय. पयला नंबर तुजाच हाय."

सगळा स्टँड हसला. कोंडी करवंदं वेचता वेचता म्हणाली, "झाली का तुजी प्रार्थना?"

नाटकात अशा वेळी पडदा पडतो आणि नट सुटतो. इथे पडदा नव्हता. गौराबाई मुकाट जीपमध्ये जाऊन बसल्या असत्या, तर चार दिवसांत विषय विझला असता. पण त्या स्टँडच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि शिव्यांच्याच पट्टीत म्हणाल्या, "कोंडे, चूक माजी हाय. तुज्या आयबापाला बोलले, ते बी चुकलं. मगाशी समद्यांनी ऐकलं ना? मंग हे बी ऐका."

मग खाली बसून एकेक करवंद पदराला पुसून कोंडीच्या पाटीत टाकू लागल्या.

एव्हाना जीपमध्ये एकच जागा उरली होती.

"काळूराम, माजी पाटी उतरव. कोंडीला बसव."

"पुढची जीप दुपारची, मावशे. माल वाया जाईल तुजा."

"जाऊ दे."

काळूराम पाटीला हात घालणार, तोच कोंडी आत शिरता शिरता फणकारली, "ऱ्हाऊ दे रं वर. करवंदांनी कुनाला शिव्या दिल्या नाय. मी इकीन." आणि गौराबाईंकडे न बघता, "तू बस हितंच."

जीप गेली. मी चहाला हाक मारली.

"नको दादा," पदर झटकत गौराबाई म्हणाल्या. "घरी जाते. रविवारी प्रार्थनेला माजी साक्ष हाय, येशूनं आपल्यात काय बदललं ते समद्यांम्होरं बोलायचं. आजचं समदं तिथं सांगायचं, आन् कोंडीला नेऊन, म्होरं बसवून सांगायचं."

आणि त्या वाडीच्या चढाला लागल्या.