भुताला पगार कोण देतं?

आमच्या तंबूत भुताचा सिनेमा लागला की हवालदार पुढच्या खुर्चीत येऊन बसत आणि मध्यंतराच्या आत गुन्हेगार पकडत. पडद्यावर पांढऱ्या साडीतली बाई कंदील घेऊन धुक्यातून निघाली, बाया पदरात तोंड लपवू लागल्या, की यांचा पोलिसी आवाज उठे, "घाबरू नका. भुताला पगार देनारा हितंच हाय. तो मुनीम बगा." शेवटच्या रिळात मुनीमच निघे.

पोलीस खात्यातून रिटायर होऊन ते देवळाली प्रवऱ्याला राहत होते. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी शून्यातून उभी केलेली टुरिंग टॉकीज घेऊन राहुरी, कोपरगाव असा फिरे आणि देवळालीत आलो की या माणसापुढे हात टेके. गप्प बसण्याच्या बोलीवर मी त्यांना वर्षभराचा फुकट पास देऊ केला. म्हणाले, "पास नको. तिकीट काडल्यावर तोंड माजं."

तेव्हाचे भुताचे सिनेमे सगळे एका साच्यातले. एक कधीतरी तुफान चालला होता. मग जो तो तेच धुकं, तीच पडकी हवेली, तेच दुरून येणारं गाणं वापरू लागला. शेवटी भूत खोटं आणि इस्टेटीवर डोळा ठेवणारा माणूस खरा. हवालदारांना हेच हवं होतं. कुणाच्या घरी सुनेला लागीर झालं म्हणून भगताकडे न्यायचं ठरलं, की ते त्या घरच्यांना स्वतः तिकीट काढून आणत. "आदी ह्ये बगा, मग जा." तंबू भरे, म्हणून मी राग गिळत असे.

पण सिनेमे बदलत होते, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी घासाघीस करून एक नवा सिनेमा आणला. हवालदारांनी शेजारच्या पारूला आणि तिच्या सासूला आणलं होतं. बाळ गेल्यापासून पारू बोलत नव्हती, जेवत नव्हती. येत्या अमावास्येला भगत तिला मिरच्यांची धुरी देणार होता. हवालदारांनी नेहमीप्रमाणे मुनीम दाखवला. मुनीम मध्यंतराआधीच मेला. मग काका दाखवला, तोही मेला. लोक हसायला लागले. शेवटी हवेलीच्या खिडकीत भूत तसंच उभं राहिलं आणि 'समाप्त'ची पाटी आली.

सासू म्हणाली, "बगितलं का हवालदार? हुतंच की भूत."

हवालदार उठले. बोट थेट माझ्यावर. "शेवटचं रीळ कापलंय ह्यानं."

खेळ लवकर संपावा म्हणून मी गाणी कापायचो, हे पंचक्रोशीला माहीत होतं. नेमका हाच सिनेमा मी पुरा दाखवला होता. रिळांचे डबे बाहेर आणून दाखवले, आईची शपथ घेतली. कुणी ऐकेना. खुर्च्या मोडल्या, कनात फाडली.

सकाळी तणतणत त्यांच्या दारात गेलो. ते पारूला आणि सासूला नगरच्या दवाखान्यात न्यायला, एसटी गाठायची म्हणून बैलगाडीत बसवत होते.

"हवालदार, सिनेमा पुरा होता."

"ठाव हाय. पाटी म्या बी वाचली."

"मग चार लोकांत सांगा."

"पोरगी बरी हून येऊ दे."

पारू बरी होऊन आली. मी पुन्हा गेलो, तर म्हणतात, "आता सांगितलं तर म्हातारी दुसऱ्या सुनंला भगताकडं नेईल. तुजं नाव आदीच वाईट हाय. आनखी थोडं झालं तर काय बिघडतंय?"

उभ्या आयुष्यात असा तोट्याचा सौदा माझ्या गळ्यात कुणी मारला नाही. पुढे देवळालीत कुठलाही खेळ संपला की पोरं ओरडत, "शेवटचं रीळ लाव." मी भांडलो, विनवण्या केल्या. हवालदार मेले, पण माझी अब्रू परत केली नाही. तंबूही मोडला. सिनेमांत भुतं खरीच होत गेली. मुनिमाला कुणी विचारेना.

बऱ्याच वर्षांनी राहुरीच्या स्टँडवर एका पिकल्या केसांच्या बाईने हाक मारली. पारू होती. शेजारी तिची सून, कडेवर नातू.

"मालक, ते रीळ घावलं का वो कदी?"

अखेर खरं सांगायची संधी आली होती. तोंड उघडलं. सून माझ्याकडे बघत होती.

"घावलं," मी म्हणालो.

"कोन निघालं?"

"मुनीम."

पारू सुनेकडे वळली. "बग. हवालदारमामा म्हनलेच हुते."